आधी अल्बम, मग तिकीट: कोल्हापुरातून इंडी महोत्सवाची तयारी

महोत्सवाचं पोस्टर आलं की ग्रुपवर पहिला मेसेज ठरलेला असतो, "हेडलायनर कोण हाय?" म्हणजे मुख्य बँड कोणता. त्यापाठोपाठ दुसरा, "कोण कोण येणार भावा?" मग गाडी कुणाची, राहायचं कुठं, परत कधी यायचं, यावर शंभरभर मेसेज पडतात. एक प्रश्न मात्र सहसा कुणी विचारत नाही. त्या पोस्टरवरच्या किती बँडचा एक तरी अल्बम आपण पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत ऐकलाय?

महोत्सवाचा आनंद मैदानात शिरण्याआधीच सुरू होतो. तो दोन महिने घरात, बसमध्ये, रंकाळ्यावर फिरताना कानात साठत जातो, आणि बँड समोर उभा राहिला की एकदम मोकळा होतो. गाणं ओळखीचं असेल तर पहिल्या दोन सुरांवर अंगावर काटा येतो. अनोळखी असेल तर तोच बँड नुसता गोंगाट वाटू शकतो. म्हणून तयारीचा क्रम उलटा ठेवा: आधी ऐकणं, मग तिकीट, मग प्रवास.

इंडी म्हणजे एक ठरावीक शैली नव्हे. स्वतःची गाणी स्वतः लिहून, सिनेमाच्या गाण्यांच्या यंत्रणेबाहेर, स्वतःच्या किंवा छोट्या लेबलच्या (अल्बम काढणाऱ्या कंपनीच्या) बळावर काढणारे कलाकार म्हणजे इंडी. त्यात रॉक आहे, रॅप आहे, कर्नाटक संगीतावर उभं राहिलेलं प्रोग्रेसिव्ह रॉक (लांब, गुंतागुंतीच्या रचनांचं रॉक) आहे आणि अभंगही आहेत.

पायरी पहिली: कुठं जायचं ते ठरवा

आपल्याकडं महोत्सवांचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मार्च असा असतो. पावसाळा ऐकण्याला द्या आणि गणपती उठले की ठरवायला बसा.

पुण्याचं नाव या नकाशावर आलं ते एनएच सेव्हन वीकेंडरमुळं. डिसेंबर २०१० मध्ये कोरेगाव पार्कात तो पहिल्यांदा झाला. एकाच मैदानात अनेक स्टेज आणि प्रत्येक स्टेजचा स्वभाव वेगळा, ही रचना त्यानं आपल्याकडं रुजवली. मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर जानेवारी २०२३ मध्ये लोलापालूझा इंडिया सुरू झाला. तो प्रचंड मोठा, परदेशी नावांचा. पण भारतीय बँडही त्यात चांगल्या संख्येनं असतात. ब्लूजची ओढ असेल तर २०११ पासून वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत झालेल्या महिंद्रा ब्लूजचं नाव माहीत असू द्या. त्याच्याही मागं जायचं तर मुंबईच्या रंगभवनात १९८६ मध्ये सुरू झालेला इंडिपेंडन्स रॉक आहे. आजच्या कित्येक वादकांनी आपला पहिला मोठा आवाज तिथंच ऐकला.

लांब जायची तयारी असेल तर अरुणाचलातल्या झिरो खोऱ्यातला महोत्सव सप्टेंबरमध्ये असतो आणि २०१२ पासून चालू आहे. आपातानी लोकांच्या भातशेतीच्या परिसरात बांबूचे स्टेज उभे राहतात. त्यासाठी इनर लाइन परमिट, म्हणजे राज्यात शिरण्याचा परवाना, काढावं लागतं आणि नाहरलगुन स्टेशनपासून पुढं डोंगरातला रस्ता आहे, म्हणजे आठवडाभराची सुट्टी हवीच.

पहिल्यांदाच जात असाल तर माझा सल्ला वेगळा आहे. डिसेंबरच्या मध्यावर पणजीत सेरेंडिपिटी आर्ट्स फेस्टिव्हल असतो. २०१६ पासून चालू आहे, आणि बहुतेक कार्यक्रमांना फक्त नावनोंदणी करून फुकट प्रवेश मिळतो. कोल्हापूरहून पणजी पुण्याइतकीच लांब. गाणं, नाटक, चित्रं सगळं एका गावात पायी फिरून बघता येतं. मोठ्या मैदानातल्या गर्दीची सवय नसणाऱ्याला, किंवा घरच्यांना सोबत न्यायचं असेल त्याला, याहून चांगली सुरुवात नाही.

एक लक्षात ठेवा: कुठलाही महोत्सव दरवर्षी, त्याच गावात, त्याच तारखांना होईलच असं धरून चालू नका. परवानग्या अडकतात, प्रायोजक बदलतात, तारखा पुढं जातात. आयोजकांच्या अधिकृत पानावर तारीख आणि मैदान दोन्ही दिसल्याशिवाय पैसे भरू नका.

पायरी दुसरी: आठ आठवडे, आठवड्याला एक अल्बम

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या.

ऐकण्याची पद्धत साधी आहे. शफल बंद. ऑटोप्ले बंद. गाण्यात गाणं मिसळणारं क्रॉसफेड बंद. अल्बम क्रमानं लावायचा, कारण बँडनं तो क्रम विचार करून ठरवलेला असतो. पहिल्यांदा ऐकताना दुसरं काही करायचं नाही. दुसऱ्यांदा शब्द समोर ठेवून ऐका. तिसऱ्यांदा एकाच वाद्याच्या मागं जा, म्हणजे फक्त बेस किंवा फक्त ड्रम्स. आपल्याला बेस सहसा ऐकू येत नाही कारण आपण गायकाच्या मागं असतो. पण मैदानात छातीवर आदळतो तो बेसच. आठवड्याच्या शेवटी त्याच बँडचं एखादं लाइव्ह रेकॉर्डिंग बघा. अल्बममधलं चार मिनिटांचं गाणं स्टेजवर नऊ मिनिटांचं कसं होतं ते तिथं कळतं.

सुरुवात इंडियन ओशनच्या 'कंदिसा'पासून करा, २००० सालचा अल्बम. दिल्लीचा हा बँड १९९० पासून वाजवतोय. आपल्या कानाला तो लगेच जवळचा वाटतो, कारण यात ड्रम्ससोबत तबला आहे आणि तो शोभेपुरता नाही. असीम चक्रवर्ती तबला वाजवता वाजवता गायचे. २००९ च्या डिसेंबरात ते गेले. त्यांचा आवाज या अल्बममध्ये जपलेला आहे. 'मा रेवा' हे नर्मदेचं गाणं आहे. बँडचे बेसवादक राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात काम केलेले, त्यामुळं ते गाणं बाहेरून उचललेलं वाटत नाही. 'हिल्ले ले'चे भोजपुरी शब्द कवी गोरख पांडेंचे. आणि 'कंदिसा' हे शीर्षकगीत म्हणजे केरळच्या सीरियन ख्रिस्ती परंपरेतली अरामी भाषेतली प्रार्थना. एका अल्बममध्ये नर्मदा, भोजपुरी आणि अरामी, तरीही सगळं एकाच घरातलं वाटतं. हा अल्बम मुरला की मग २०१० चा '१६/३३० खजूर रोड' घ्या. ते दिल्लीतल्या त्यांच्या सरावाच्या जागेचं नाव. त्यातली गाणी बँडनं एकेक करून लोकांना फुकट दिली होती.

दुसऱ्या आठवड्यात रघू दीक्षित यांचा २००८ चा पहिला अल्बम. संतकवी शिशुनाळ शरीफांच्या कन्नड पदांना त्यांनी गिटारवर आणलं. शिशुनाळ हावेरी जिल्ह्यातलं, म्हणजे बेळगाव-हुबळी ओलांडून पुढं. गडहिंग्लज, निपाणी भागात ज्यांचं बालपण गेलंय त्यांना ही पदं नवी वाटायची नाहीत. लुंगी आणि पायात घुंगरू घालून ते मंचावर येतात आणि पहिल्या गाण्यात मैदान नाचायला लागतं.

मग केरळच्या अवियलचा २००८ चा त्याच नावाचा अल्बम. पूर्ण मल्याळम, जाड गिटार. अक्षर कळत नाही तरी गाणं कळतं, याचा अनुभव यावा म्हणून तो यादीत आहे. चौथ्या आठवड्यात बंगळुरूच्या अगमचा २०१२ चा 'द इनर सेल्फ अवेकन्स'. घरात शास्त्रीय ऐकणारं कुणी असेल तर हा अल्बम त्यांच्यासोबत बसून ऐका. कर्नाटक संगीताचा पाया आणि वर प्रोग्रेसिव्ह रॉक. राग कुठला यावर वाद घालायला वडीलधारी मंडळी आपणहून पुढं येतील.

पुढचे दोन हिंदी-उर्दूचे. द लोकल ट्रेनचा २०१५ चा 'आलस का पेड'. कॉलेजच्या वयाच्या पोरांना यातली 'छू लो'सारखी गाणी आधीच पाठ असतात, फक्त अख्खा अल्बम ऐकलेला नसतो. आणि बंगळुरूच्या परवाझचा २०१४ चा 'बरान': उर्दू आणि काश्मिरी, लांब, संथ, हळूहळू चढत जाणारा. घाईत ऐकू नका. दिवसभराचं काम उरकल्यावर, दिवे मंद करून ऐका.

सातव्यात दिल्लीच्या पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनीचा २०१९ चा 'बिस्मिल्लाह'. ट्रम्पेट आणि जुन्या जमान्याच्या ऑर्केस्ट्राचा वास असलेला, उदास आणि तरीही नाचरा. पहिल्या ऐकण्यात तो निसटतो. चौथ्या ऐकण्यात सोडवत नाही. माझा सगळ्यात लाडका भारतीय अल्बम विचाराल तर 'कंदिसा'नंतर हाच. त्याचे गायक सूर्यकांत साहनी 'लिफाफा' या नावानं एकटेही गाणी करतात. २०१९ चाच 'जागो' जोडीला ऐका.

आठवा आठवडा जवळच्यांसाठी. पुण्याच्या ईझी वाँडरलिंग्जचा २०१७ चा 'ॲज रिटन इन द स्टार्स' हलका, मोकळा, सकाळी ऐकण्याचा. नुसती गिटार बोलते कशी ते ऐकायचं तर वॉरन मेंडोन्सा यांच्या ब्लॅकस्ट्रॅटब्लूजचा त्याच वर्षीचा 'द लास्ट ॲनालॉग जनरेशन'. आणि मराठीत? मुंबईचा अभंग रिपोस्ट तुकोबा-ज्ञानोबांचे अभंग बेस-ड्रम्सवर गातो. स्वदेसी या मुंबईच्या हिपहॉप गटात मराठी रॅप आहे. आरेच्या जंगलावरचं त्यांचं २०१९ चं 'द वारली रिव्होल्ट' तिथले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांच्यासोबतचं आहे. मराठीत इंडी नाही असं म्हणणाऱ्याला ते एक गाणं ऐकवा.

हे सगळं एकट्यानं ऐकण्यापेक्षा चार-पाच जणांनी मिळून ऐकणं फार वेगळं असतं. रविवारी संध्याकाळी एकाच्या घरी जमा, दोन बरे स्पीकर लावा, अल्बम संपेपर्यंत मोबाईल बाजूला ठेवा, मग गप्पा. आपल्या गावाला ही बैठक नवी नाही. देवल क्लब ही संगीतसंस्था १८८३ पासून आहे, आणि शाहू महाराजांच्या आश्रयानं अल्लादियाखाँसाहेब या गावात गायले. पन्नास किलोमीटरवरच्या मिरजेत सतार-तंबोरे घडतात, ज्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मन लावून शेवटपर्यंत ऐकणं हे कोल्हापूरला येतं. तेच कान आता गिटारकडंही वळवायचे.

पायरी तिसरी: पोस्टर वाचायला शिका

पोस्टरवर वरची नावं मोठ्या अक्षरात, खालची बारीक. खालून वाचायला सुरुवात करा. बारीक अक्षरातले बँड दुपारी दोन-तीनला वाजवतात, तेव्हा मैदान मोकळं असतं, तुम्ही स्टेजपासून दहा फुटांवर उभे राहू शकता, आणि तो बँड त्या पाऊण तासासाठी वर्षभर राबलेला असतो. संपूर्ण महोत्सवातला सगळ्यात उत्कट कार्यक्रम बहुतेकदा तिथंच होतो. त्यामुळं प्रत्येक अनोळखी नावाची तीन गाणी ऐका आणि वहीत एका ओळीत लिहा: बघायचंच, जमलं तर, सोडून दिलं.

टाइमटेबल सहसा आठवडाभर आधी येतं आणि तेव्हा जीव तुटतो, कारण 'बघायचंच'मधले दोन बँड एकाच वेळी दोन स्टेजवर असतात. अशा वेळी जो बँड पुन्हा सहज बघायला मिळेल तो सोडा. परदेशातून एकदाच येणारा किंवा ईशान्येतून क्वचित इकडं येणारा बँड आधी. शिलाँगचा ब्लूज बँड सोलमेट पुण्यात वाजवत असेल तर मी बाकी सगळं बाजूला ठेवीन. अर्धा इकडं-अर्धा तिकडं हा मार्ग टाळा. स्टेज बदलण्यात पंधरा मिनिटं जातात आणि दोन्हीकडचं शिखर हुकतं.

पायरी चौथी: तिकीट आणि प्रवास

तिकिटं टप्प्याटप्प्यानं महाग होतात. अर्ली बर्ड, म्हणजे सगळ्यात आधी निघणारं तिकीट, सगळ्यात स्वस्त, पण तेव्हा लाइन-अप, म्हणजे बँडची यादी, आलेली नसते. महोत्सवावर विश्वास असेल तरच तेव्हा घ्या. कुणाकडून तरी स्क्रीनशॉटवर तिकीट विकत घेऊ नका. एकच क्यूआर कोड चौघांना विकला जातो आणि गेटवर पहिला पोहोचणारा आत जातो. नाव बदलून देण्याची सोय अधिकृत ॲपमधून असेल तेवढीच धरा.

पुणे साधारण २३० किलोमीटर. मैदानं बहुधा शहराच्या कडेला असतात, म्हणून स्वारगेटला उतरल्यावर पुढचा तासभर धरूनच निघा. महाराष्ट्रात ध्वनिप्रदूषणाच्या नियमांमुळं रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, मोजके दिवस सोडले तर. त्यामुळं शेवटचा बँड दहाच्या ठोक्याला थांबतो. हे आपल्या सोयीचंच आहे. मुंबईहून कोल्हापूर-बेळगाव-गोव्याकडं जाणाऱ्या रात्रीच्या बस पुण्याच्या बायपासवरून जातात, त्यातली बाराच्या पुढची एखादी आधीच आरक्षित केली की पहाटे तुम्ही कावळा नाक्यावर असता. पण दोन दिवसांचा महोत्सव असेल तर मधल्या रात्री मैदानाजवळच राहा. दहा वाजता हजारो लोक एकदम रिक्षा शोधतात.

मुंबईसाठी महालक्ष्मी एक्स्प्रेस सोन्यासारखी आहे. रात्री कोल्हापुरात बसा, सकाळी दादरला उतरा. पश्चिम रेल्वेची लोकल पकडली की महालक्ष्मी तिसरं स्टेशन. येताना मात्र अडचण आहे. परतीची गाडी सीएसएमटीहून रात्री नवाच्या आत सुटते, म्हणजे मुख्य बँडच्या वेळेलाच. त्या रात्री मुक्काम करा किंवा बसनं या. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. तारखा जाहीर झाल्या की कॅलेंडरवर तो दिवस मांडून ठेवा.

पायरी पाचवी: कान सांभाळा

पापाच्या तिकटीला विसर्जन मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतीसमोर उभं राहिलेल्या माणसाला वाटतं की आपले कान पक्के झालेत. कान पक्के होत नाहीत, फक्त झिजतात. आणि आतल्या सूक्ष्म पेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत.

हिशेब असा आहे. ८५ डेसिबल आवाज आठ तासांपर्यंत सुरक्षित धरला जातो. पुढं दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला ती येते फक्त १५ मिनिटांवर, आणि स्टेजजवळ १०० सहज ओलांडतात. म्हणून इअरप्लग खिशात हवेतच. मेडिकलमधले फोमचे स्वस्त प्लगही काम करतात, पण नीट घालायला हवेत: बोटांत वळून बारीक करा, दुसऱ्या हातानं कान वर ओढा, आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट दाबून धरा. फोममुळं वरचे सूर जास्त कापले जातात आणि गाणं दबकं वाटतं. वारंवार जाणार असाल तर संगीतासाठीचे खास प्लग घ्या, ते सगळे सूर सारखेच कमी करतात. सोबत लहान मूल असेल तर त्याला कानावरचे मोठे मफ घातल्याशिवाय मैदानात नेऊच नका.

बाकी सामान थोडकं. बंद बूट घाला. कोल्हापुरी चप्पल कितीही देखणी असली तरी गर्दीत पाय तुडवले जातात. डिसेंबरात पुण्यात दुपारी ऊन आणि रात्री बोचरी थंडी, म्हणून जॅकेट कमरेला. पॉवर बँक, ओळखपत्र, तिकीट ऑफलाइन साठवलेलं. गर्दीत नेटवर्क बसतं, तेव्हा भेटायची जागा आणि वेळ सकाळीच ठरवा. आत पैसे बहुधा मनगटाच्या पट्ट्यात भरावे लागतात. उरलेले परत मिळायची मुदत वाचून ठेवा.

पायरी सहावी: उभं कुठं राहायचं

समोर अगदी कठड्याला चिकटलं की गायक दिसतो, पण आवाज बिघडलेला येतो. खालचे सबवूफर छाती हलवतात आणि गायकाचा आवाज डोक्यावरून मागं जातो. मैदानाच्या मधोमध, स्टेजकडं तोंड करून एक तंबू असतो. तिथं साउंड इंजिनिअर बसून सगळं मिसळत असतो. तो जे ऐकतो ते ऐकायचं असेल तर त्या तंबूच्या थोडं पुढं, मध्यरेषेवर उभे राहा. ज्या बँडचं एक तरी गाणं तुम्हाला पाठ आहे त्याच्यासाठी कठडा, आणि ज्याचं वादन ऐकायचंय त्याच्यासाठी तंबू, असं मी वाटून घेते.

समोर मॉश पिट, म्हणजे एकमेकांवर आदळत नाचणारा घोळका, सुरू झाला की त्याचेही नियम आहेत: कुणी पडलं तर आधी उचला, ज्याला यायचं नाही त्याला ओढू नका, बाईच्या अंगाला हात लावला तर ती चूक नसते, गुन्हा असतो. गैरप्रकार दिसला तर सुरक्षारक्षकाला लगेच सांगा. मुलींनी फक्त मुलींचा गट करून जावं असं मी म्हणणार नाही, पण एकमेकींवर लक्ष ठेवणारी एक जोडीदारीण ठरलेली असावी.

आणि व्हिडिओ एका गाण्याचा काढा. बाकीचं ऐका.

पायरी सातवी: आल्यावर पैसे कुठं द्यायचे

स्ट्रीमिंगवर एका ऐकण्याचे बँडला अगदी नगण्य पैसे मिळतात. तुमच्या हातून बँडकडं खरा पैसा जातो तो तिकीट, टी-शर्ट आणि थेट विकत घेतलेल्या अल्बममधून. बँडकॅम्प या कलाकारांकडून थेट खरेदीच्या संकेतस्थळावर डिजिटल अल्बम घेतला तर संकेतस्थळाचा वाटा साधारण १५ टक्के आणि वस्तूंवर १० टक्के, उरलेल्यातून पेमेंटचं शुल्क वजा होऊन बाकी कलाकाराकडं जातं. 'बँडकॅम्प फ्रायडे' जाहीर असेल त्या दिवशी तो वाटाही सोडला जातो. खरेदी शक्यतो तेव्हा करा. बारीक अक्षरातल्या ज्या दुपारच्या बँडनं तुम्हाला जिंकलं, पहिली खरेदी त्याची.

मग त्याच बँडला लिहा. पुणे ते गोवा किंवा पुणे ते बंगळुरू दौऱ्यावर असलेल्या बँडच्या वाटेवर कोल्हापूर येतंच, पण इथं कुणी बोलावत नाही म्हणून व्हॅन हायवेवरून सरळ निघून जाते. पन्नास-साठ लोक मावतील अशी जागा, चांगला साउंड देणारा माणूस, राहायची-जेवायची सोय आणि आधी विकलेली तिकिटं, एवढं हातात असेल तर मेसेज पाठवा. त्यात तारीख, जागेचा फोटो, किती लोक बसतात आणि किती मानधन देऊ शकता हे चारही मुद्दे पहिल्याच वेळी स्पष्ट लिहा. ऐकण्याच्या रविवारच्या बैठकीला जी मंडळी जमतात, पहिली वीस तिकिटं त्यांच्यातच खपतील.